ताब्याचा पंचनामा

घराचा ताबा घ्यायला निघालेल्या जीपमध्ये काय काय असतं, हे सहसा कुणाला माहीत नसतं. एक कोरं कुलूप, बँकेनं आदल्या संध्याकाळीच विकत घेतलेलं. लाखेची कांडी, मेणबत्ती, पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या आणि मोहोर. पंचनाम्याचे कागद, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत. मागच्या गाडीत बँकेचे प्राधिकृत अधिकारी, त्यांचा वकील, व्हिडिओ काढणारा पोरगा आणि कुलूप तोडणारा माणूस. त्याच्यामागे पोलिसांची गाडी, आणि तिच्यात महिला शिपाई हव्यातच, कारण घरात बाया असतात. सगळ्यात पुढच्या जीपमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी, नायब तहसीलदार. बीड जिल्ह्यात महसूल खात्याची नोकरी करताना त्या जागेवर मी अनेकदा बसलो. आता निवृत्त आहे. नावं-गावं सांगणार नाही, ती माणसं अजून त्याच गल्ल्यांतून राहतात. पण जे पाहिलं ते कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवस वाटत होतं.

आधी थोडं कायद्याचं. 2002 साली केंद्रानं एक कायदा केला, सगळे त्याला ‘सरफेसी’ म्हणतात. घर गहाण ठेवून कर्ज घेतलं आणि हप्ते नव्वद दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं. मग कलम 13(2) ची नोटीस येते, 60 दिवसांत सगळं कर्ज भरा म्हणून. थकलेले तीन हप्ते भरा असं त्यात नसतं, पूर्ण रक्कम मागितलेली असते. कर्जदारानं लेखी हरकत घेतली तर बँकेनं 15 दिवसांत उत्तर द्यायचं. साठ दिवस सरले की बँक दारावर ताब्याची नोटीस चिकटवते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते. हा झाला सांकेतिक ताबा, माणसं अजून घरातच असतात. प्रत्यक्ष बाहेर काढायचं तर कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. 2016 च्या दुरुस्तीनं त्यांना 30 दिवसांत आदेश द्यायला सांगितलं, कारणं लिहून फार तर 60. तो आदेश तहसिलीत येतो आणि आमची जीप निघते.

या सगळ्या प्रवासात कुठंही कर्जदाराला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकलं जात नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी फक्त बँकेचं प्रतिज्ञापत्र आणि कागद तपासायचे. दिवाणी न्यायालयाला कलम 34 नं हात लावता येत नाही. ऐकणारी एकच जागा आहे, छत्रपती संभाजीनगरचं कर्जवसुली न्यायाधिकरण. तिथं 45 दिवसांत अर्ज करायचा. बीडहून तिथं जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं, वकिलाची फी. दारात पहिल्यांदा जो सरकारी माणूस उभा राहतो तो आमच्यासारखा, आणि त्याला ऐकून घ्यायचा अधिकार नसतो. लोक मात्र त्यालाच सगळं सांगतात. अगदी लग्नाच्या खर्चापासून.

गेवराई तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आम्ही गेलो होतो. दोन मजली घर, खाली पिठाची गिरणी, वर दोन खोल्या. वरचा मजला कर्जातून चढवलेला. नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि हप्ते थांबले. गिरणी बाई चालवायची. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले असतील, आणि गिरणीत दळणाचे डबे ओळीनं मांडलेले. ज्वारी, बाजरी, गहू. काही डब्यांवर ऑइलपेंटनं नावं, काहींना ओळखीसाठी चिंधी बांधलेली. सर्कलनं, म्हणजे मंडळ अधिकाऱ्यानं, यादी करायला घेतली आणि तिसऱ्याच डब्याला थांबला. “रावसाहेब, हे कुणाचं लिहू?”

प्रश्न बरोबर होता. डबे बँकेचे नव्हते, कर्जदाराचेही नव्हते. ते गावाचे होते. आतल्या धान्यासकट कुलूप लावलं असतं तर गल्लीतल्या वीसेक घरांत त्या दिवशी भाकरी झाली नसती. ती बाई रडत नव्हती. पदर खोचून उभी होती आणि तिचं एकच म्हणणं होतं. “लोकांचं दळण तेवढं दळून देऊ द्या. पैसे घेतलेत मी त्यांचे.”

बँकेच्या वकिलांनी घड्याळ दाखवलं. मी म्हटलं, चालू करा गिरणी. तासाभराहून जास्त वेळ गिरणी घरघरत राहिली, आणि पोलीस, पंच, बँकेचे साहेब, आम्ही सगळे बाहेर लिंबाखाली बसून होतो. एकेक बाई यायची, आपला डबा उचलायची, आमच्याकडे बघायची नाही. शेवटचा डबा गेल्यावर तिनं स्वतः मोटार बंद केली, पट्टा उतरवला, जातं झाडलं, पीठ एका कागदावर गोळा केलं.

मग गिरणीचाच वाद निघाला. यंत्र जमिनीत बोल्टानं बसवलेलं, म्हणजे ते स्थावर, घराबरोबर बँकेचं, असं वकिलांचं म्हणणं. मी गहाणखत मागवलं. त्यात जागा आणि बांधकाम एवढंच लिहिलेलं, यंत्राचा उल्लेख नाही. पंचनाम्यात मी ‘यंत्र जंगम, कर्जदारास नेण्यास दिले’ असं लिहिलं आणि सही केली. तुळशीवृंदावन सिमेंटचं होतं, ते राहिलं. तुळस तिनं मुळासकट मातीचा गोळा धरून काढली आणि पिठाच्या डब्यात ठेवली. बँकेचा प्राधिकृत अधिकारी, तिशीतला विदर्भातला मुलगा, बोल्ट काढायला स्वतः पान्हा घेऊन बसला. वरिष्ठांना त्यानं काय सांगितलं असेल कोण जाणे. ती बाई आता भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत तीच गिरणी चालवते.

कायद्यात यातलं काही लिहिलेलं नाही. दळण दळू द्यावं की नाही, पोराचा दहावीचा पेपर होईपर्यंत थांबावं की नाही, बाळंतिणीला त्या दिवशी हलवावं की नाही, हे सगळं त्या जीपमधल्या माणसाच्या स्वभावावर सोडलेलं आहे. एवढी मोठी गोष्ट कुणाच्या स्वभावावर सोडणं मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

चुकीच्या दारावर जाण्याचा प्रसंगही आला. आपल्याकडे तालुक्याच्या गावांना चहूबाजूंनी प्लॉटिंग झालं. कुठं एन.ए., कुठं गुंठेवारी, कुठं नुसताच शंभराच्या स्टॅम्पवर इसारपावती करून विकलेला तुकडा. एका गावी बँकेच्या कागदावर ‘प्लॉट नंबर 14, पूर्वेस रस्ता’ असं होतं. आम्ही पोहोचलो तर त्याच सर्व्हे नंबरात दोन लेआउट, दोन्हींत चौदा नंबर, आणि दोन्हींच्या पूर्वेला रस्ता. बँकेच्या फायलीत घराचा फोटो लावलेला. घर तेच दिसत होतं, निळा दरवाजा, बाहेर बोअरचा हातपंप. घरात म्हातारी एकटी. कुलूपवाला पुढं झाला होता. तलाठी म्हणाला, “रावसाहेब, थांबा. ह्या आजीचं कर्जबिर्ज काही नाही. हिचा पोरगा मिलिटरीत आहे, पैशानं बांधलंय घर.”

चतुःसीमा पुन्हा वाचल्या. उत्तरेला ज्याचं नाव लिहिलं होतं तो शेजारी तिथं राहतच नव्हता. मूल्यांकन करणाऱ्यानं कधीतरी घाईत रस्त्यावरून दिसलं त्या घराचा फोटो काढून अहवाल दिला होता, आणि त्यावर कर्जही मंजूर झालं होतं. ‘मिळकत निश्चित करता आली नाही’ असा पंचनामा करून आम्ही परत फिरलो. म्हातारीनं सगळ्यांना चहा केला. पोलीस का आले होते हे तिला शेवटपर्यंत नीट कळलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. तो तलाठी गावातला नसता तर काय झालं असतं, हा विचार मला कितीतरी रात्री सतावत राहिला.

आता व्याजाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

बीड आगारातले एक कंडक्टर होते. 2021 च्या पावसाळ्यात त्यांनी बार्शी रोडकडच्या वस्तीत घर घेतलं. पंधरा लाख कर्ज, वीस वर्षं, व्याज 7 टक्के, हप्ता 11,629. त्या वेळी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, 4 टक्क्यांवर होता, बँका स्वतःहून फोन करून कर्ज देत होत्या. दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला. महामंडळाच्या शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठीचा तो संप एप्रिल 2022 पर्यंत लांबला. पगार बंद. पाच हप्ते चुकले. संप मिटला, हे कामावर रुजू झाले आणि पहिल्या पगारापासून पुन्हा हप्ता भरू लागले. एकही महिना चुकवला नाही. तरी पुढच्या वर्षी त्यांच्या घराच्या ताब्याचा आदेश माझ्या टेबलावर आला.

ते पासबुक घेऊन तहसिलीत आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, त्यात प्रत्येक हप्त्याच्या पावतीची झेरॉक्स. “रावसाहेब, मी भरतोय ना दर महिन्याला. मग घर कामून घेता माझं?” मला उत्तर देता येईना. मी बँकेच्या अधिकाऱ्याला बोलावलं आणि तिघं बसलो.

त्यानं समजावलं ते असं. एकदा खातं एनपीए झालं की मागची सगळी थकबाकी पूर्ण भरल्याशिवाय ते पुन्हा नियमित धरता येत नाही. रिझर्व्ह बँकेनं 12 नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकात हे स्पष्टच केलं आहे. म्हणजे कंडक्टर चालू महिन्याचा हप्ता भरत होते, पण तो जमा होत होता जुन्या थकबाकीत. ते कायम पाच महिने मागेच. वर दंडव्याज.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. 4 मे 2022 ला रिझर्व्ह बँकेनं ठरलेली बैठक नसताना अचानक रेपो दर वाढवला, 4 चा 4.40. जूनमध्ये 4.90, ऑगस्टमध्ये 5.40, सप्टेंबरअखेर 5.90, डिसेंबरात 6.25, आणि 8 फेब्रुवारी 2023 ला 6.50. नऊ महिन्यांत अडीच टक्के. कंडक्टरांचं कर्ज रेपोला जोडलेलं, म्हणून त्यांचं व्याज 7 वरून 9.5. पण हप्ता तेवढाच राहिला, म्हणून त्यांना काही कळलंच नाही. बँकेच्या संगणकानं हप्ता न वाढवता मुदत वाढवली. वीस वर्षांची पंचवीस झाली, पंचविसाची तीस. सप्टेंबरच्या वाढीनंतर तीस वर्षंही पुरेनात.

मी आदेशाच्या पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. पंधरा लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज 11,875 रुपये. हप्ता 11,629. म्हणजे माणूस दर महिन्याला न चुकता हप्ता भरतो आणि कर्ज दर महिन्याला अडीचशे रुपयांनी वाढतं. तसं तर तो शंभर वर्षं भरत राहिला असता तरी फिटलं नसतं. निवृत्तीला त्यांची सोळा वर्षं उरली होती.

कंडक्टर तो आकडा कितीतरी वेळ बघत होते. आयुष्यभर तिकिटं फाडून सुट्ट्या पैशांचा हिशोब करणारा माणूस. गाडी रिकामी असली तरी पाच रुपयांचा फरक रात्री आगारात जुळवल्याशिवाय घरी न जाणारा. “हे मला कुणी सांगितलं का नाही?” ते म्हणाले. बँकेचा अधिकारी खाली मान घालून बसला. तो म्हणाला, एसएमएस गेला होता. गेला असेलही. इंग्रजीत, व्याजदर बदलल्याचा, एका ओळीचा.

पुढं 18 ऑगस्ट 2023 ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून बँकांना सांगितलं की दर वाढला की कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हे त्याला विचारा, स्थिर व्याजाकडे जायची सोय द्या, आणि मुदत इतकी ताणू नका की मुद्दल फिटण्याऐवजी वाढेल. दंडव्याजावरही त्याच दिवशी बंधन आलं. चांगलंच झालं. पण ते आलं तोवर सहाही वाढी होऊन गेल्या होत्या, आणि ज्यांचं घर 2022 च्या हिशोबात अडकलं त्यांच्यासाठी ते उशिरा आलं. कंडक्टरांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, मेव्हण्यानं काही दिले, थकबाकी एकदम भरली. बँकेनं आदेशाची अंमलबजावणी मागे घेतली. हप्ता आता चौदा हजारांच्या घरात गेला होता, पण निदान मुद्दल कमी होतंय हे त्यांना दिसत होतं. नंतर जेव्हा भेटले तेव्हा खिशात बँकेचं स्टेटमेंट घडी करून ठेवलेलं, पेनानं आकड्याखाली रेघा मारलेलं.

लोक आधीच मार्ग का काढत नाहीत, असं मला शहरातले मित्र विचारतात. त्याला आपल्या जिल्ह्याची कारणं आहेत. इथं कर्ज म्हटलं की शेतीचं कर्ज डोळ्यापुढं येतं. 2017 ला माफी झाली, 2019 ला झाली. घराच्या नोटिसा घेऊन येणारी निम्म्याहून अधिक माणसं मला पहिलं हेच विचारायची, “माफीत बसंल का हे?” शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं असतं, आणि ते खरंही आहे. शेतकऱ्याच्या राहत्या घराला दिवाणी जप्तीतून संरक्षण आहे, हेही गावातल्या कुणी तरी सांगितलेलं असतं. पण स्वतः सही करून गहाण दिलेल्या घराला त्यातलं काहीच कामी येत नाही. हे कळेपर्यंत साठ दिवस गेलेले असतात.

दुसरं कारण पतसंस्था. बीडमधल्या कितीतरी घरांनी हप्त्याची तजवीज म्हणून पैसे पतसंस्थेत ठेवले होते, बँकेपेक्षा व्याज जास्त म्हणून. ऑक्टोबर 2023 मध्ये प्राप्तिकर खात्याच्या छाप्यांनंतर ‘ज्ञानराधा मल्टिस्टेट’च्या शाखांपुढं ठेवी काढायला रांगा लागल्या, मग शाखांना कुलपं लागली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं छत्र असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मुलीच्या लग्नाचे आणि म्हातारपणाचे पैसे बुडाले हे सगळ्यांनी लिहिलं. पण त्याच ठेवीच्या व्याजावर ज्यांच्या घराचा हप्ता फिरत होता, त्यांची खाती पुढच्या काही महिन्यांत एकेक करून थकली. एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले, हातात पतसंस्थेची ठेव पावती. “ही घ्या आणि बँकेला द्या,” म्हणाले, “तेरा लाखांची आहे. कर्ज नऊ लाखच आहे.” कागदावर ते कर्जमुक्त होते. त्यांच्यापुढं बसून ती पावती परत करणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात जड काम होतं.

आणि तिसरं कारण, ज्याबद्दल दारात कुणी बोलत नाही, तो सावकार. बँकेचा हप्ता चुकू नये म्हणून शेकडा तीननं, पाचनं पैसे काढलेले. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला छत्तीस. साडेनऊ टक्क्यांचं कर्ज छत्तीस टक्क्यांच्या पैशानं फेडायचं. विनापरवाना सावकारीविरुद्ध राज्यात 2014 चा कायदा आहे, तक्रार सहकार खात्याकडे करता येते. पण तो सावकार कधी चुलत्याचा मित्र असतो, कधी किराणा उधार देणारा असतो. ताब्याच्या दिवशी गर्दीत मागं उभा असलेला, काही न बोलणारा, सगळं निरखणारा माणूस बहुतेक वेळा तोच. बँकेनं घर विकून वर काही उरलंच तर त्याला आपला हिस्सा हवा असतो.

व्याज काही फक्त आपल्याकडेच चढलं नाही. इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेनं डिसेंबर 2021 पर्यंत 0.1 टक्क्यावर ठेवलेला दर ऑगस्ट 2023 मध्ये 5.25 वर नेला, तिथंही लोकांची झोप उडाली. पण तिथं घराचा ताबा हवा तर कर्ज देणाऱ्या संस्थेला आधी न्यायालयात जावं लागतं, आणि न्यायाधीशाला वाटलं तर तो थकबाकीचे हप्ते पाडून देतो, ताबा पुढं ढकलतो. 1970 पासून तिथं ही सोय आहे. आपल्याकडे 2004 मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सरफेसी कायदा उचलून धरला, पण न्यायाधिकरणात जायला आधी 75 टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली. मोठे कारखानदार त्यासाठी लढले होते, त्याचा फायदा लहान माणसालाही झाला. घर जायच्या आधी एक माणूस, एक टेबल, एक तारीख असावी, जिथं कर्जदाराला बसवून ऐकलं जाईल, एवढंच मला हवं आहे. ते टेबल संभाजीनगरला नको, तालुक्याला हवं. लोकअदालतीत काही प्रकरणं मिटतात, मी स्वतः पाहिली आहेत. दोन्ही बाजू समोरासमोर बसल्या की बँकही नरमते. पण लोकअदालतीची नोटीसही त्याच पत्त्यावर जाते, जिथं माणूस नसतो.

त्या पत्त्याचाच एक प्रसंग सांगतो, बीडखेरीज दुसरीकडे तो घडणं कठीण.

शिरूर कासारच्या बाजूचं गाव. ऊसतोडीला जाणारं जोडपं, फडाच्या भाषेत एक कोयता. बाराही महिने मजुरी, पण घर हवं म्हणून एका वित्तसंस्थेकडून सहा लाख काढलेले, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर. हप्ता आठ हजारांच्या आसपास. हंगाम असला की मुकादमानं दिलेल्या आगाऊ उचलीतून आणि तोडीच्या हिशोबातून हप्ता भरायचा, पावसाळ्यात ओढाताण. 2022 मध्ये व्याज चढलं, हप्ताही वाढला, आणि ऐन पावसाळ्यात तीन हप्ते हुकले. दसरा झाला, कारखान्यांचे बॉयलर पेटले, हे दोघं धाकट्या पोरांसकट टोळीबरोबर कोल्हापूरकडे फडावर गेले. घराला कुलूप, चावी शेजारणीकडे.

साठ दिवसांची नोटीस नोव्हेंबरात आली. पोस्टमननं ‘घर बंद’ शेरा मारून परत पाठवली. मग दारावर चिकटवली. शेजारणीला वाचता येत नव्हतं, तिला वाटलं लाइटबिलाची. तिकडं कोपीत राहणाऱ्या माणसाचा मोबाइल नंबर प्रत्येक हंगामात बदलतो. साठ दिवस फडावरच संपले. वर्तमानपत्रात ताब्याची नोटीस छापली गेली, ती ज्यांनी वाचायची ते पहाटे चारला उठून मोळ्या बांधत होते. न्यायाधिकरणाचे 45 दिवसही गेले. मार्चमध्ये आदेश आमच्याकडे आला. आम्ही गेलो, घर बंद. आत फार काही नव्हतं. लोखंडी कॉट, दोन कोठ्या, भिंतीवर लग्नाचा फोटो, कोपऱ्यात गेल्या वर्षीचे कोयते. यादी केली, लाखेची मोहोर मारली. सरपंच म्हणाले, “कारखान्याचा पट्टा पडला की येतील ते. तवर थांबता नसतं आलं?” मी त्यांना कलम सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, पण पटलं नाही, आणि मलाही सांगताना पटत नव्हतं.

कायद्याचे सगळे दिवस, साठ, पंचेचाळीस, तीस, हे घरात राहणाऱ्या माणसासाठी मोजलेले आहेत. आपल्या जिल्ह्यात लाखो माणसं वर्षातले पाच-सहा महिने घरात नसतात, आणि हे सरकारला नीट माहीत आहे. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहं चालवली जातात, 2019 मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालं. तरी नोटीस बजावताना या माणसाचा हंगाम कुणी विचारत नाही. बजावणी फडावर करा, मुकादमामार्फत करा, कारखान्याच्या नोंदीतून पत्ता काढा, हे सांगणारी एक ओळ कुठल्याही नियमात नाही. ती ओळ यायला हवी. सेवेत असताना मी हे वरिष्ठांना लेखी कळवलं होतं, आताही सांगत असतो.

एप्रिलमध्ये जोडपं परत आलं. ट्रॅक्टरमधून भांडी-कुंडी उतरवली, आणि दाराला सरकारी मोहोर. दुसऱ्या दिवशी दोघं तहसिलीच्या व्हरांड्यात बसून होती. बाईच्या कडेवर लेकरू, हातांना उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा. मी वित्तसंस्थेला फोन लावला. लिलावाची जाहिरात अजून छापली नव्हती, म्हणजे घर सोडवायला कायद्यानं वाव होता. थकबाकी आणि खर्च भरला तर खातं चालू करू, असं बऱ्याच बोलण्यानंतर त्यांनी मान्य केलं. एक लाखाच्या वर पैसे लागत होते, आणि त्यांच्याकडे त्या हंगामाचे काहीच शिल्लक नव्हते.

मुकादमानं ते दिले. पुढच्या हंगामाची उचल म्हणून, आणि तेवढ्यानं पुरेना म्हणून त्याच्या पुढच्याही हंगामाची. जूनमध्ये मोहोर काढून चावी दिली, तेव्हा पंचनाम्यावर दोघांनी अंगठे उमटवले. दोन वर्षांचं कामच आगाऊ विकलेलं होतं. दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा आठवीतला मोठा मुलगा, जो आजवर आजीजवळ राहून शाळेत जायचा, त्यालाही त्यांनी बरोबर नेलं. मी बापाला विचारलं तर म्हणाला, “रावसाहेब, आमच्या जोडीला अर्धा कोयता वाढला की उचल लवकर फिटंल.”